बाबांनी धरलेला सोमवार

मी निघालो त्या दिवशी रेवसच्या धक्क्याला लाँच लागेना. ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला, आणि लाँच लांब पाण्यात उभी राहून नुसती भोंगे मारत होती. बाबा मिठागरावरून तसेच धावत आले होते, पायांवर मीठ वाळून पांढरं झालेलं. माझी थोरली बहीण जनीबाय हिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेली सुकट फडक्यात बांधून आणली होती. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच होती. आई तर मी चालायला लागायच्या आधीच गेलेली.

"बाबा, दोन घास खा माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"तू लाँचीत बस, मंग मी खातो," ते म्हणाले. "कामावरचा मानूस सुटल्याबिगर घरच्यानी ताट घ्यायचा न्हाय."

ही आमच्या घरची रीत. उधाणाला बाबा बांधावर उभे असायचे. बांध फुटला तर वर्षाचं मीठ गेलंच. पाणी उतरून ते घरी येईपर्यंत आम्ही कुणी जेवायचं नाही. मी भूक भूक करून घर डोक्यावर घ्यायचो, पण जनीबाय टोपावरचं झाकण काढायची नाही. शेवटी होडीनं मला लाँचीपर्यंत पोचवलं. मागे वळून पाहिलं तेव्हा ते दोघं धक्क्यावर बसून भाकरी मोडत होते.

मुंबईहून बोट, आणि बोटीनंतर अमेरिका. गेलो होतो रेडिओ-टीव्हीचं तंत्र शिकायला. फी भरून खिशात काही उरेना, म्हणून एका टीव्ही कंपनीच्या व्हॅनवर केबल ओढायच्या कामाला लागलो. ही व्हॅन स्टेडियमबाहेर उभी राहायची आणि आतली फुटबॉलची मॅच तिच्यातून देशभर जायची. हा आपला फुटबॉल नव्हे बरं का. यात चेंडू काखेत मारून पळायचं, बाकीच्यांनी अंगावर पडून त्याला लोळवायचं, मग सगळ्यांनी घोळका करून कुजबुजायचं आणि परत तेच. पहिल्या दिवशी मला वाटलं मारामारी लागली, आता पोलीस येतील.

या खेळाची वारांची वाटणी अगदी पक्की होती. शुक्रवार शाळांच्या मॅचचा, शनिवार कॉलेजांचा, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांना रविवार. बाकीच्या वारी रात्री मॅच दाखवली तर घरातल्या बायका आपल्या मालिका सोडून ही धक्काबुक्की बघतील का, याची टीव्हीवाल्यांना धास्ती. म्हणून वर्षातून एखाद-दुसरी मॅच सोमवारी रात्री दिव्यांच्या उजेडात खेळवायची आणि लोक बघतात का ते चाचपायचं. त्यातही गंमत अशी की ज्या गावात मॅच, त्या गावच्या टीव्हीवर ती दाखवायचीच नाही, नाहीतर तिकिटं कोण काढणार? मग गावातले शौकीन गाड्या काढून लांबच्या मोटेलात जायचे आणि तिथल्या टीव्हीवर आपल्याच गावची मॅच बघायचे. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं.

माझी पहिली सोमवारची मॅच अजून डोळ्यांसमोर आहे. रंगीत कॅमेऱ्यांना उजेड पुरत नाही म्हणून इतके दिवे लावले होते की गवत ओलं हिरवंगार दिसत होतं. वेळ संपल्याचा पिस्तुलाचा बार झाला, केबली गुंडाळल्या, आणि खोलीवर येऊन मी त्याच धुंदीत घरी पत्र लिहिलं. "आता दर सोमवारी रात्री माझी मॅच असते. आख्खा देश बघतो. ती संपते तेव्हा तुमच्याकडे मंगळवारचे अकरा वाजलेले असतात."

त्यातला 'दर' हा शब्द खोटा होता. त्या वर्षी माझ्या वाट्याला तो एकच सोमवार आला. बाकीच्या सोमवारी मी गोडाउनात केबलींचा चिखल पुसत होतो. पण ते कसं लिहिणार? पोरगा सातासमुद्रापार जाऊन चिखलच पुसतो, हे बाबांना कळायला नको होतं.

पत्रं जनीबाय लिहायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी बाबांची एक ओळ ठरलेली. "सोमवारची म्याच झाली का? टायमात सुटलास का?" मी उत्तर द्यायचो, झाली, सुटलो. डिसेंबरात मोसम संपतो, मैदानावर बर्फ पडतं, तरी मी फेब्रुवारीत लिहिलं, झाली. एप्रिलातही लिहिलं. माझ्या बापाचं काय जातंय, असं मनात म्हणायचो. खरंच, हेच शब्द.

वैशाखात तार आली. बाबा मिठागरावर काम करता करता पडले आणि गेले. तिकिटाचे पैसे नव्हते, मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी कसंबसं जमवून गेलो. रेवसला अकराच्या लाँचीनं उतरलो, चालत घरी पोचलो, तर जनीबाय ओटीवर एकटीच जेवत बसलेली. वार मंगळवार. मला बघून उठली, रडली, मग हात धुऊन पुन्हा ताटावर बसली.

"ही काय जेवायची वेळ झाली?" मी विचारलं.

"उपास सोडते," ती म्हणाली. "बाबांचा सोमवार मी धरलाय."

सोमवारचा उपास बाबा आधीपासून करायचे, संध्याकाळी सोडायचे. पण माझं पत्र आलं, जनीबाय सांगत होती, आणि त्यांनी तो सोडायचं पुढं ढकललं. पोरगा कामावर असताना बापानं कसं जेवायचं? रविवारी रात्री जेवले की थेट मंगळवारी. घरात घड्याळ नाही, म्हणून अकराच्या लाँचीचा भोंगा धरलेला. भोंगा ऐकला की म्हणायचे, "सुटला बग पोर," आणि मग ताट मागायचे. ओहोटी असली की लाँच रखडायची, आणि बाबाही तसेच रखडायचे.

"मला लिहिलं का नाहीस?"

"त्यानीच सांगितलान, त्याला लिवू नको म्हून. काम सोडून पलत येल."

ते पडले त्या मंगळवारीही ओहोटी होती. भोंगा झालाच नव्हता. डॉक्टर म्हणाले हृदय. जनीबाय म्हणाली, उपासानं काय कोण मरतो? मी हिशोब करत बसलो की त्या घटकेला मी कुठे होतो. खोलीवर गाढ झोपलो होतो, पोटभर जेवून. त्या महिन्यात सबंध अमेरिकेत कुणी फुटबॉलच्या चेंडूला हात लावला नव्हता.

सांगायला हवं होतं तिला, तिथंच, त्या ओटीवर. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली, "आता तू हतं हाईस, पन परत गेलास की तुजी म्याच हायच ना." मी मान हलवली. पंधरा दिवसांनी पळून आल्यासारखा परत आलो.

तेव्हापासून व्हॅनमध्ये बसलो की मॉनिटरवरची गर्दी मला बघवत नाही. कॅमेरा फिरतो, हजारो माणसं खात असतात, पाव, शेंगदाणे, काय काय. आणि मी त्यांत न खाणारा माणूस शोधतो. कधी कधी तो सापडतो, वरच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसलेला. त्याचे पाय दिसतील म्हणून मी वाट बघतो आणि चित्र बदलतं.

आता इथं जाहीर झालंय की पुढच्या मोसमापासून सोमवारी रात्रीची मॅच दर आठवड्याला होणार. ऐकलं आणि क्षणभर, शरम वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, माझा शब्द खरा झाला, आता कुणाला काही सांगायला नको. मग बाबांच्या पायांवरचं मीठ आठवलं.

तुम्ही जे माझ्यासारखे घर सोडून आलात ते पत्रात थोडं वाढवून लिहीत असाल. लिहा, पण तिकडे त्या एका शब्दावर कोण उपाशी बसलंय ते आधी विचारा. पूर्वी मी घर म्हणजे मिठागर, ओटी, खाडीचा वास समजायचो. आता माझ्यासाठी घर म्हणजे मी सुटेपर्यंत ताट न घेणारी माणसं. दोन होती, त्यातलं एक उरलंय.

जनीबाय, हे तुझ्यासाठी आहे, वाचून घे. सोमवारी मॅच नसते. दर सोमवारी कधीच नव्हती. मी खोटं लिहिलं होतं. पुढच्या मोसमात असेल तेव्हाही मी आधी जेवून मगच कामाला जाईन. भोंग्याची वाट बघू नकोस. मी सुटलोय, तू जेव.