मामाची मांडी

सख्खी, चुलत, मावस अशी एकही बहीण नसताना एकेचाळीस भाच्यांचा मामा झालेला माणूस भूतलावर एकच झाला, आणि तो आमचा घरमालक होता. एकेचाळीस हा आकडा माझा आहे. ते स्वतः पन्नास सांगत. पण त्यात काही मुलं त्यांनी दोनदा धरली होती, एकदा जावळासाठी आणि एकदा कानांसाठी.

साठीचं दशक होतं. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि ज्या गावांची नावंही आम्ही ऐकली नव्हती तिथून माणसं येऊन बोईसरच्या स्टेशनावर उतरू लागली. मी त्यांतलाच एक. कामावरच्या भांडारात नटबोल्ट मोजून द्यायचे, ही माझी नोकरी. तारापूरच्या रस्त्यालगत आमच्या घरमालकांची नारळीकेळीची वाडी होती आणि तिच्या कडेला त्यांनी भाड्याने द्यायला पाच खोल्या बांधल्या होत्या. दुसरे मालक पगार विचारायचे, जात विचारायचे. हे एवढंच विचारत, "बाईंना भाऊ किती? नि ऱ्हातात कुठं?" माझ्या आधी आलेल्या गृहस्थाचा मेहुणा उमरोळीला राहत होता. "एका ठेसनावर भाऊ? मंग तुमी उमरोळीलाच खोली बघा," म्हणून त्याला त्यांनी वाटेला लावलं. माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ नागपूरला आहे हे कळताच मात्र त्यांचा चेहरा उजळला. "नागपूर! म्हंजे यायचं झालं तर दोन दिस!" त्यांनी किल्ली दिली, वर केळ्यांचा एक घड दिला आणि त्या क्षणापासून मला 'भावोजी' म्हणू लागले. ते बावन्न वर्षांचे होते, मी एकोणतीस.

कारण असं की बाळाचं उष्टावण, जावळ, कान टोचणं ही सगळी कामं मामाच्या मांडीवर व्हायची, आणि आम्हां परगावच्यांच्या मुलांचे मामा तर चारशे-पाचशे मैलांवर. ती रिकामी जागा या गृहस्थांनी हेरली होती. घरात चार भाऊ, बहीण नाही. भाऊबीजेला चौघे रिकाम्या पाटांकडे बघत बसायचे, असं त्यांची बायकोच सांगायची. "सोळा संस्कार म्हंतात," ते मला समजावत, "त्यातले बारा भटजींनी न्यावे. मामाला चार पुरे." चौथा म्हणजे लग्न, भाचीला बोहल्यावर आणायचं. मी म्हटलं, हे सगळं करायचं तरी कशासाठी? ते सुपारी कातरता कातरता थांबले. "बारशानं पोराला नाव मिळतं, म्हंजे हाक मारता येते. उष्टावणानं कळतं, का आईबिगर दुसरं कोन पन भरवतं. जावळात कळतं, का गेलं ते परत उगवतं."

"आणि कान?"

"कान म्हंजे पयला टोचा. तो आपल्या मानसाच्या मांडीवर बसावा. पुढं लोक टोचतातच, भावोजी, पन तवा खाली मांडी नसते."

मांडीला ते हत्यारासारखं जपत. रोज सकाळी ओट्यावर कोहळा मांडीत घेऊन बसायचे. कोहळा वळवळत नाही, मग सराव कसला, म्हणून पुढे कोंबडा घेऊ लागले. एका हाताने त्याचे पाय धरून, दुसऱ्याने मान थोपटत ते त्याला अंगाई म्हणायचे. कोंबडा पंधरवड्यात इतका लाडावला की आरवायचंच विसरला. नवं धोतर ते कधी नेसत नसत, त्यावरून पोर सरकतं म्हणून. बायकोकडून वर्षभर धुऊन धुऊन मऊ करून घेतलेलं खास धोतर ट्रंकेत ठेवलेलं असे. एकदा त्यांनी माझ्याकडून मोजूनच घेतलं: मांडी घातली की या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत अठ्ठावीस इंच. आणि हातांवर दंतखुणा सात, डाव्यावर चार, उजव्यावर तीन. आल्यागेल्याला ते बाही सारून दाखवत. "हा साताऱ्याचा. हा वेल्डरचा. हे सोलापूरचं जुळं, दोगं एकदम चावले."

त्या वेल्डरच्या मुलाच्या जावळाची गोष्ट अजून बोईसरमधले जुने लोक सांगतात. ऐन वेळी मुलाने डोकं मागे फेकलं आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याने मामांची डावी मिशी उडवली. वेल्डर हात जोडून "मामाजी, माफ करना, माफ करना" करत राहिला. मामांनी उरलेली उजवी मिशी काही उतरवली नाही. महिनाभर अर्ध्या मिशीने पालघरचा बाजार केला आणि कोणी विचारलं की सांगत, "अर्धी या भाच्याला दिली, अर्धी पुढच्याला ठेवलीय." एका गोऱ्या साहेबाच्या मडमेला किती भाऊ आहेत, हेही त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलं. तीन निघाले, पण समुद्रापलीकडे. "मंग झालं तर," म्हणून दुसऱ्या दिवशी ते खिरीची वाटी घेऊन तिच्या दारात उभे. त्या गोऱ्या मुलाने खीर खाल्ली. निम्मी वाटी मामांनी चाखून पाहण्यात संपवली होती.

आमची मुलगी वाडीतल्या खोलीतच जन्मली. त्यांच्या छपराखाली जन्मलेलं ते पहिलं मूल. "बाकीचे काम सपलं का आपापल्या गावी जातील," ते माझ्या बायकोला म्हणाले, "पन ही धरलेली भाची नाय, बाय. ही आपली हाय." अकराव्या महिन्यात कान टोचायचं ठरलं तेव्हा कोंबड्याचे फार हाल झाले.

आता माझी चूक सांगतो. मी रीतसर माणूस. सख्ख्या मामाला पंधरा दिवस आधी कळवणं हे कर्तव्य, म्हणून मी नागपूरला एक कार्ड टाकलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. बायकोलाही नाही. घरमालकांना तर मी सांगितलंही नव्हतं.

त्या दिवशी सात वाजल्यापासून मामा मऊ धोतर नेसून पाटावर बसले होते. तारापूरचे सोनार सुई तापवत होते. मुलीला मांडीवर द्यायची तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे बाप्पा! माझ्याशिवाय सुरू करून राहिले का?" हातात बॅग, अंगात नव्या फॅशनची नळीसारखी घट्ट पँट, आणि मुठीत सोन्याच्या तारेची डबी. माझा मेहुणा!

मामा उठले. त्यांनी धोतर झटकलं. "बसा पाव्हणं. मांडी तुमची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाडीत जरा काम हाय, साहेब." तीन वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. बायकोच्या हातातला खिरीतला डाव हलायचा थांबला होता.

मेहुणा पाटावर बसला, पण पँटमुळे त्याचे पाय वळेनात. मुलगी त्याच्या गुडघ्यांवरून सरळ खाली पायांपर्यंत गेली आणि खूश होऊन पुन्हा वर चढू लागली. सोनार म्हणाले, "पाव्हणं, मांडी करा. घसरगुंडी काय कामाची?" मेहुण्याने दात आवळून पाय ओढले आणि पँट मागून जी टर्रकन फाटली, ती विहिरीपर्यंत ऐकू गेली असावी. मुलगी तोंड उघडं टाकून स्तब्ध झाली. सोनारांनी तेवढ्यात उजवा कान टोचला. अगदी मधोमध. मग मुलीने भोकाड पसरलं, मेहुण्याने कानावरचा रक्ताचा थेंब पाहिला आणि तो मुकाट्याने मागच्या केळीच्या पानांवर आडवा झाला.

"दुसऱ्याला मांडी कोनाची?" सोनारांनी विचारलं.

कान दोन, मामा दोन, हा हिशेब मी मोठ्याने केला. पण बायको तोवर बाहेर गेली होती. मीही मागोमाग गेलो. मामा विहिरीकाठी नारळ मोजत होते. बारा नारळ होते आणि ते सतरावर पोचले होते.

"दादा," ती म्हणाली, "दुसरा कान राहिलाय."

"त्यांचा मान हाय, बाय."

"त्यांचा झाला. आता तुमचा."

ते आले, बसले, मुलीला घेतलं. एकेचाळीस पोरांखाली दगडासारखी राहिलेली ती अठ्ठावीस इंच मांडी त्या दिवशी थरथरत होती. सोनार म्हणाले, "मामा, मांडी हलते."

"मांडी नाय हलत. तुझा हात हलतो."

सुई गेली, उजव्या कानापेक्षा एक सूतभर वर. मुलीने चारही दात त्यांच्या उजव्या हातात रुतवले. डोळ्यांतलं पाणी न पुसता त्यांनी हात माझ्यापुढे धरला. "मोजा, भावोजी! चार नि चार! दोनी हात सारखे!"

पुढे काम संपलं, माणसं पांगली, आमचीही बदली झाली. मामा दर भाऊबीजेला येत राहिले, मग येईनासे झाले. मुलीच्या लग्नात तिला बोहल्यावर आणायला नागपूरचा मामा होता. या खेपेला त्याने शहाणपणाने धोतर नेसलं होतं. त्याच्या शेजारी एक पाट आम्ही रिकामा मांडला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी आरशापुढे कुड्या घालून बसली होती. "बाबा, ही डावी थोडी वर दिसते का हो? सोनार म्हणतो, नवं भोक पाडून देतो."

भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललं तरी मी उठून सरळ करतो. मी पट्टी आणली, दोन्ही कानांना लावून नीट पाहिलं आणि म्हणालो, "दोन्ही सारखी आहेत."

आयुष्यात खोटं माप मी तेवढं एकच दिलं.