क्वांगबाईंची दबक्या आवाजातली शिकवणी

क्वांगबाईंचा कोणावर विश्वास नव्हता आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. बाजारात तराजूवरचा मासा त्या उतरवून पुन्हा ठेवायला लावत. टोफूची वडी उलटी करून खालची बाजू बघत. नवरा हयात असताना तो नुसतं "बुद्धिबळाला जातो" म्हणाला, तरी चपला घालणाऱ्या त्याच्या पाठीला त्या विचारत, "कोणाबरोबर? कधीपर्यंत? किती जण आहात?" तो बिचारा खरोखरच नदीकाठी जाऊन दोन डाव हरून येई.

वर्गातही त्यांचे हेच तीन प्रश्न असत. शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. "आपल्या चिनी भाषेतलं क्रियापद साधं आहे," त्या सांगत. "काल, आज, उद्या, एकाच सदऱ्यात हिंडतं. इंग्रजीतलं दर वेळी कपडे बदलून येतं. त्याला दारातच अडवायचं. कोणी केलं, कधी केलं, किती जणांनी केलं, ते विचारायचं. उत्तरं जुळली तरच आत घ्यायचं." उताऱ्याखाली प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असत, त्यांबद्दल तर त्या फार कडक होत्या. "जे उत्तर उताऱ्यातलेच शब्द उचलून आणतं त्याच्यापासून जपा. घरातलाच माणूस असल्यासारखं वागतं ते." मुलं हसत, पण परीक्षेत त्या उत्तरावर खूण करताना त्यांचा हात थबकत असे. माझाही थबकलेला आहे.

त्यांचा निःशंक विश्वास एकाच गोष्टीवर होता, मोठ्यानं वाचण्यावर. तोंड उघडल्याशिवाय भाषा आत शिरत नाही, असं त्या म्हणत. सकाळी घंटेच्या आधी सगळा वर्ग उभा राहून आपापलं पान ओरडून वाचायचा, कोणाचं कोणाला कळायचं नाही, आणि बाई त्या गलक्यातून हिंडत एखाद्याच्या खांद्यावर बोट ठेवायच्या. एवढ्या आवाजात त्याचाच चुकलेला शब्द त्यांना कसा ऐकू आला, हे कोडं कोणाला सुटलं नाही.

निवृत्तीनंतर त्या आमच्या शेजारच्याच घरात, जुन्या थर्मास कारखान्याच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. दर रविवारी काही मुलं शिकायला येत. मग नियम आला की सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन शालेय विषय शिकवायचे नाहीत. वसाहतीच्या फाटकावर तक्रारीचा फोन नंबर चिकटवला गेला. बाईंनी बरीचशी मुलं बंद केली आणि तीनच ठेवली, ज्यांची जूनमध्ये वरच्या शाळेसाठीची परीक्षा होती. आमच्या चांगदे शहरात त्या परीक्षेतून निम्मी मुलं वर जातात आणि निम्मी कारागिरीच्या शाळेत हाती पाना-पक्कड घेतात.

तिघांपैकी बँकेतल्या बाईचा मुलगा चनबांग आणि बसचालकाचा मुलगा, च्या नावाचा, ही दोघं कशीही तरली असती. अडचण यिनच्युची होती. तिची आई फाटकाशी तांदळाच्या शेवयांचा गाडा लावायची. गणितात पोरगी पुढे, इंग्रजीत मात्र अगदी तळाला. आईसुद्धा कधीकाळी बाईंच्याच वर्गात इंग्रजीत नापास झालेली. "एक पिढी माझ्या हातून गेली," बाई एकदा माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "दुसरी जाऊ देणार नाही." फुकट शिकवायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. फुकट शिकवणाऱ्यावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही.

मुलं दप्तराशिवाय येऊ लागली. कोणाच्या हातात कांद्याच्या पातीची जुडी, कोणाच्या हातात खारवलेली बदकाची अंडी, जणू आजीकडे पोचवायला निघाली आहेत. स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडून, खिडक्या लावून वाचन चाले. वाचन कसलं, कुजबुजच. मी त्या वसंतात प्रबंध लिहायला घरी आले होते. भिंतीपलीकडून ते ऐकू यायचं, घरात कोणी आजारी असावं तसं.

मार्चमध्ये एकदा वस्ती समितीतली थान जिना चढून आली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, कोणीतरी फोन केला होता. मी वर कळवलेलं नाही. पुन्हा आला तर शिक्षण खात्याच्या साहेबांना घेऊन यावं लागेल."

"कोणी केला? कधी केला? किती वेळा?"

"मला नका असं विचारू. मी अजून वर्गातच बसल्यासारखं वाटतं."

"पकडलं तर?"

"शिकवणी बंद. आणि तुमच्या शाळेच्या सभेत नाव वाचतील."

बाईंनी दार लावलं. परीक्षेला थोडेच महिने उरले होते. शिकवणी आता मोडली तर यिनच्यु गेलीच, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी आमच्याकडे येऊन आईसमोर बसल्या आणि ज्यांच्यावर संशय त्यांना एकेक करून उभं करू लागल्या. खालच्या मजल्यावरचे गे काका, त्यांच्याशी सांडपाण्याच्या नळावरून जुना तंटा. चनबांगची आई, तिला आपल्या मुलाच्या पुढे कोणी गेलेलं खपत नाही. च्याची आजी, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेवटी शेवयावाली.

"ती कशाला करेल? तिलाच तर गरज आहे," आई म्हणाली.

"म्हणून तिला शेवटी घेतलं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू फार घरी असतेस हल्ली." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी चाचणी लावली. पुढच्या रविवारची शिकवणी रद्द केली, पण हे सांगितलं फक्त मुलांना, तेही शपथ घालून. मोठ्या माणसांना मात्र वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. बँकेतल्या बाईला पहाटेची, च्याच्या आजीला दुपारची, शेवयावालीला संध्याकाळची, आणि गे काकांना ऐकू जाईल अशा बेतानं जिन्यात फोनवर शनिवारची. ज्या वेळेला साहेब येईल, त्या वेळेचा माणूस तो. बाई दोन्ही दिवस पडद्याआड खुर्ची टाकून बसल्या. कोणीच आलं नाही. गे काका तेवढे खाली वाकून आपल्या मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालत होते.

तिन्ही बायका मात्र सोमवारी सकाळी शेवयांच्या गाड्याशी भेटल्या. आजी म्हणाली, "दुपारी शिकवणी म्हणाल्या आणि पोरगा घरीच लोळत होता."

"दुपारी?" बँकेतली म्हणाली. "मला तर पहाटे सांगितलं."

शेवयावालीनं झारा रश्शात तसाच ठेवला. "आणि मला संध्याकाळी."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तिघींच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली. बाई उरलेल्या दोघांना चोरून जास्तीचं शिकवतात, आपल्याच पोराला वगळून.

त्याच दिवशी त्या वर आल्या. भांडण जिन्यातच सुरू झालं, पण गे काका खाली आहेत म्हणून सगळं कुजबुजत. तीन बायका दात-ओठ खाऊन, हातवारे करून, एकही शब्द मोठ्यानं न बोलता भांडताहेत असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही.

"पहाटे कोणाला शिकवता, बाई?"

"कोणाला नाही."

"दुपारी?"

"कोणाला नाही म्हटलं ना."

"मग वेळा कशाला वाटल्या, प्रसाद वाटल्यासारख्या?"

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. खोटं बोलल्या असत्या तर खपलं असतं. गोंधळ झाला, वय झालं, काहीही. पण त्या म्हणाल्या, "फोन तुमच्यापैकी कोणी केला ते बघायचं होतं."

बँकेतल्या बाईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी? नोकरीवरची बाई मी, मी असले फोन करीन?"

"नोकरीवरच्यांनाच फोन फुकट असतो," आजी म्हणाली.

"आजी, तुम्ही तर नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला होता फाटकाशी."

शेवयावाली एक पायरी वर आली. मग म्हणाली, "मी खरं सांगू? मला वाटलं, तो फोन बाईंनीच केला."

"मी?"

"माझी पोरगी कच्ची. ती नापास झाली की नाव तुमचं जाणार. शिकवणी आपोआप बंद पडली तर तुम्ही सुटलात."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नव्हे. एखाद्या मुलानं पाठ न करता, स्वतःच्या डोक्यानं उत्तर दिलं की त्या जशा बघत, तशा. "वाईट नाही," त्या म्हणाल्या. "चूक आहे, पण वाईट नाही."

तोडगा आजीनं काढला. कोणाचा कोणावर भरवसा नाही ना, मग रविवारी सगळ्यांनीच इथे येऊन बसायचं. जी इथे बसली आहे तिला तिकडे फोन करता येणार नाही. आणि एवढ्या बायका जमल्या तर लोक विचारतील, म्हणून चहा कुटायचा.

आमच्या बाजूला चहा कुटायला बसलं की कोणी काही विचारत नाही. मातीच्या खडबडीत कुंडीत तांदूळ, आलं, तीळ आणि चहाची पानं घालून लाकडी दांड्यानं तासभर घोटायचं, वर उकळतं पाणी, भोवती बशा मांडायच्या. भाजलेले दाणे, लोणच्याचा मुळा, तिखट कोबी. शेजारणी दिवस दिवस बसतात.

पुढच्या रविवारी दांडा फिरू लागला तसा खर्रखर्र आवाज घरभर भरला, आणि आतल्या खोलीतून यिनच्युचा आवाज पहिल्यांदा मोकळा आला. मग चनबांगचा, मग च्याचा. तिघंही ओरडून वाचत होते. बाई दारात उभ्या होत्या, एक कान आत, एक बाहेर. मी तेव्हा तिथे दाणे सोलत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं आणि म्हणाल्या, "च्या, ती मुलं अनेक आहेत. तू क्रियापद एकवचनी करून सगळं एकाच्याच गळ्यात घातलंस."

बायकांचे फोन मात्र वाफवण्याच्या टोपलीत जमा होत. टोपली टेबलाच्या मधोमध. कोणी मोरीकडे जायला उठली की बाकीच्या टोपलीकडे बघत. गप्पा सुनांच्या, मांसाच्या भावाच्या, कोणाच्या गुडघ्याच्या, पण मध्येच एखादी वाक्य अर्धं सोडायची, कारण दुसरी फार लक्ष देऊन ऐकते आहे असं तिला वाटायचं. आजी दुसरीनं ओतलेला चहा आधी तिलाच चाखायला लावी. गमतीनंच, पण चाखेपर्यंत वाडग्याला हात लावत नसे.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी दारावर टकटक झाली. शेवयावाली त्या दिवशी उशिरा आली होती, गाडा आवरायला वेळ लागला म्हणाली. ती बसते न बसते तोच हे. बाहेर थान, आणि तिच्यामागे चष्मा लावलेले एक साहेब. दांडा थांबला. आतलं वाचन मात्र एक ओळ पुढे गेलं, मग थांबलं. बायकांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

आजीनं सवयीनं वाडगा भरला. साहेब उभ्यानंच घोट घेऊन म्हणाले, "आत मुलं आहेत?"

"आमचीच आहेत," बँकेतली म्हणाली. "आम्ही चहाला आलो, घरी कोणाजवळ ठेवायची?"

"आणि वाचत होती?"

"परीक्षा आहे ना, साहेब."

यिनच्यु दारात येऊन उभी राहिली होती. साहेब तिच्याकडे वळले. "बाळ, इथे तुला कोण शिकवतं?"

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं वाडग्यात. मग तिनं बाईंकडे पाहिलं.

"तिला विचारू नका," क्वांगबाई म्हणाल्या. "मी शिकवते. पैसे घेऊन शिकवते. या बायकांना खोटं बोलायला मीच सांगितलं होतं."

सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं.

बाईंना पैसे परत करावे लागले. शाळेच्या सभेत नाव वाचलं गेलं. त्यांच्याच हाताखाली शिकून मास्तर झालेले लोक तिथे माना खाली घालून बसले होते, असं कळलं. थान एकटीच पुन्हा आली आणि म्हणाली, "बाई, पैसे न घेता कोणी वाचून घेतलं तर नियमाचं काही म्हणणं नसतं."

बाईंनी तिघींना निरोप धाडला. बँकेतली बाई म्हणाली, आता बघितलंय सगळ्यांनी, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आजी म्हणाली, फुकटचं शिकवणं कसलं असतं ते मला ठाऊक आहे, अर्धं लक्ष घड्याळाकडे. यिनच्यु तेवढी आली. मे महिनाभर ती रोज येत होती, नुसत्या रविवारी नव्हे, आणि आता नळही बंद असे आणि खिडकी उघडी. अख्खी बाई एकट्या तिच्या वाट्याला आली होती, तीही फुकट.

ती वरच्या शाळेत गेली. काठावर, पण गेली.

निकालाच्या सकाळी मी फाटकाशी शेवया खात होते. बाई बाजारातून आल्या. शेवयावालीनं फोन पुढे केला तरी त्यांनी आधी चष्मा पुसला, मग आकडा वाचला, मग वरच्या ओळीतलं नाव वाचलं. "हिचंच आहे ना? त्याच नावाची दुसरी नाही?"

"माझ्या पोटची आहे, बाई. मी ओळखते."

बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. शेवयावालीनं वाडग्यात शेवया घातल्या, वर मांस घातलं, मग आणखी थोडं घातलं. बाई तिच्या हाताकडे बघत होत्या.

"ते दोन्ही फोन," त्या शांतपणे म्हणाल्या, "तू केले होतेस का?"

"आता काय फरक पडतो, बाई."

"नाही पडत. पण तू नाही म्हणाली नाहीस."

रश्शाची वाफ दोघींच्या मध्ये होती. शेवयावालीनं वरून कोथिंबीर टाकली आणि वाडगा त्यांच्यासमोर सरकवला.

"खा," ती म्हणाली. "निवेल."

बाईंनी जेवणाच्या काड्या उचलल्या. मांसाचा एक तुकडा उलटा करून त्याची खालची बाजू बघितली आणि मग खाल्ला.