दार जरा आधी उघडा

पिक्चर बघून आलेली माणसं पिक्चरमध्ये काय झालं ते सांगतात. आम्ही दारावरची माणसं. आत गेलेला माणूस बाहेर कसा आला, तेवढंच आम्ही सांगणार. जळगावच्या आमच्या थेटरात मी तिकीट तपासते आणि भिका नाना टॉर्च घेऊन सीट दाखवतात. दुपारच्या चहाला बसलो की एक किस्सा नानांचा, एक माझा, असं चालू होतं आणि चहा गार होतो. त्यातले निम्मे किस्से सुपरहिरोंचे! ऐकणारे हसतात. मी मात्र तसला पिक्चर लागणार म्हटलं की आदल्या दिवशीच पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते.

*

एकदा एका उडणाऱ्या हिरोचा पिक्चर 'ए' सर्टिफिकेट घेऊन आला. म्हणजे अठराच्या आतल्यांना बंदी. पहिल्याच शोला बोदवडहून रेल्वेने एक आबा आले, सोबत पाठीवर लाल फडकं बांधलेला नातू. मी अडवलं, म्हटलं, आबा, हा मोठ्यांचा पिक्चर आहे.

आबांनी एकदा पोस्टरकडे पाहिलं आणि झटकन नातवाच्या डोळ्यांवर हात ठेवला. मला खालच्या आवाजात म्हणाले, चांगल्या घरची दिसते तू बाई, असल्या ठिकाणी नोकरी करते?

नानांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. तसलं काही नाही आबा, नुसती मारामारी आहे. मुंडकी उडतात, हातपाय तुटतात, रक्त जरा जास्त आहे, म्हणून बंदी.

आबांनी नातवाच्या डोळ्यांवरचा हात काढला. "मंग त चालते ना!"

*

त्याच पिक्चरला धुळ्याच्या देवपूरचा एक मुलगा आला. इथे कॉलेजला होता म्हणे. चणीने बारीक, मिशीचा पत्ता नाही. आधार कार्ड दाखव म्हटलं तर ते रूमवर राहिलेलं. तणतण करत त्याने आईलाच व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

आई म्हणाली, हो ताई, वीस पूर्ण झालीत त्याला. मुलाने कॉलर नीट केली. मी बाजूला होणार, तेवढ्यात मोबाइलमधून पुन्हा आवाज आला, "पण नका सोडू त्याला. अजून लाइट लावून झोपतो तो!"

मागे सगळी रांग उभी होती.

*

'ए' असला तर निदान आमच्या हातात काहीतरी असतं. पण बहुतेक सुपरहिरो येतात 'यूए'मध्ये. पुढे सोळा लिहिलेलं असलं तरी आईबाप सोबत असले की पाच वर्षांचं पोरही आत जातं. आम्ही फक्त सांगायचं. पोराला काय झेपेल ते आईबापांनी ठरवायचं, असा नियम आहे. आणि आईबाप त्या वेळी पॉपकॉर्न खारे घ्यायचे की गोड, ते ठरवत असतात.

मग नानांनी एक रीत पाडली. पहिल्या शोला ते उभ्याने पिक्चर बघतात आणि पोरं कुठल्या सीनला घाबरून पळतील ते हेरून ठेवतात. पुढच्या शोला तो सीन यायच्या जरा आधी बाजूचं दार किलकिलं करतात. पूर्वी पोरं अंधारात धावत येऊन बंद दारावर आपटायची, एकाचं तर कपाळ फुटलं. आता उजेडाची रेघ दिसली की तिकडे येतात. मी बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी राहते. आतला आवाज वाढायला लागला की मी बाटलीचं झाकण उघडते, लावते, पुन्हा उघडते. इतकी वर्षं झाली, सवय काही होत नाही.

*

एकदा दार उघडं होतं आणि तरी एक मुलगी सापडेना. आईला वाटलं मावशीकडे आहे, मावशीला वाटलं आईकडे. शो थांबवला, लाइट लावले. मी बाथरूम बघितलं, जिना बघितला, पार्किंगमध्ये पळत गेले. समोर हायवे, ट्रकमागून ट्रक.

सापडली शेवटच्या रांगेत, सीटखाली, अंगाचं मुटकुळं करून. मी खाली बसले, म्हटलं, बाळा, तो राक्षस मेला बघ, ये बाहेर.

"माहितीये," ती म्हणाली. "हिरोनं कसा मारला ते मी बघितलं. आता तो हिरो मला शोधतोय."

*

हे सगळं मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. म्हटलं, साहेब, असल्या सगळ्या पिक्चरना 'ए'च द्यायला पाहिजे. ते म्हणाले, मग थेटरात काय आपण दोघं बसू? अहो, रबराचे कपडे घातलेला माणूस तो, पोरांना कळतं सगळं खोटं असतं.

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला, मुलांना घेऊन संध्याकाळच्या शोला येऊ का? साहेब वळून भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नको नको, पुढच्या आठवड्यात कार्टून लागतंय."

*

आणि हा किस्सा यावलचा. बाप केळीच्या बागेत कामाला, सुट्टी काढून बसने पोराला घेऊन आलेला. पोरगं असेल सहा-सात वर्षांचं. बाहेर विकायला असतो तसला, सगळं डोकं झाकणारा कापडी मास्क बापाने हौसेने घेऊन त्याच्या डोक्यात घातलेला. पिक्चर 'यूए', सोळाचा. मी सांगितलं, भाऊ, लहान आहे हो, घाबरेल. तर म्हणाला, म्हणूनच आणलंय ताई. घरात एकटं झोपत नाही, अंधारात मोरीपर्यंत जात नाही. एकदा बघू द्या, भीती मोडेल.

तो तिकीट काढायला खिसे चाचपत होता, तेव्हा पोराने माझा हात धरला. हात घामाने ओला होता. "काकू, मी लहान आहे ना? तुम्ही सांगा ना पप्पांना."

मी पुन्हा सांगितलं. नानांनी सांगितलं. बाप चिडला. नियम दाखवा म्हणाला, आणि नियम त्याच्या बाजूने होता. दोघं आत गेले.

तो सीन आला. नानांनी दार जरा जास्तच उघडलं. दोन पोरं रडत आली, एक आईच्या कडेवर आलं. यावलचं ते आलं नाही. मी उजेडाच्या रेघेकडे बघत राहिले आणि काय काय मनात आलं ते सांगवत नाही.

पिक्चर सुटला. बाप पोराचा हात धरून छाती काढून बाहेर आला. "बघा ताई, तुम्ही उगाच भिववत होत्या! हूं नाही की चूं नाही. शेवटपर्यंत बसला माझा वाघ!"

मी वाघाकडे बघितलं. मास्क उलटा होता. डोळ्यांची भोकं मागे गेली होती आणि त्यांतून केस दिसत होते.

बाहेर लख्ख ऊन होतं. पोराने मोकळा हात पुढे करून चाचपलं आणि आतूनच विचारलं, "पप्पा, लाइट लागले का?"