वनमालाबाईंनी इंजिन उघडलं

परबांच्या घरी पाहुणे आले की चहाबरोबर एक गोष्ट ठरलेली असायची. सहदेवराव बशी खाली ठेवत, घसा साफ करत आणि सुरू होत, "आमच्या हिच्या हातात गाडी दिली नि फसलो. आमच्या लेकीचा, श्रुतिकाचा साखरपुडा, नाशकात. कसाऱ्याच्या अलीकडे हिने इंजिन तापवून जाळून ठेवलं! काट्याकडे लक्ष ठेवायचं असतं, हे हिच्या गावीच नाही." पाहुणे हसत. वनमालाबाई चिवडा पुढे करत आणि आत जाऊन ओटा पुसत बसत. पुसलेलाच ओटा.

हे आठ वर्षं चाललं होतं. त्या दिवशी साखरपुड्याला तीन तास उशीर झाला होता, त्यामुळे नाशिकच्या व्याह्यांनी त्यांचं नावच 'इंजिनवाल्या विहीणबाई' ठेवलं होतं. गंमत म्हणून हो. दुसऱ्याची लाज काढायची असली की लोकांना गंमत बरी सुचते.

आणि ही बाई कोण? मुलुंडला एका बेअरिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढणारी. कारखाना बंद झाला तेव्हा सोबत्यांनी निरोपाला साडी दिली नाही, मायक्रोमीटर दिला. सहदेवराव एका कचेरीत हेडक्लार्क होते. यंत्र म्हणून त्यांचा संबंध आला तो स्टेपलरशी. पण गाडी पुरुषाची, त्यामुळे गाडीतलं ज्ञानही आपोआप पुरुषाचं.

त्या दिवशी भिवंडीच्या पुढे डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला होता. वनमालाबाईंनी सांगितलंही होतं, "अहो, दिवा लागतोय, थांबू का?" शेजारी बसलेल्या सहदेवरावांनी डोळेही न उघडता उत्तर दिलं होतं, "वायर लूज आहे ती. चल तू." हे वाक्य मात्र त्यांच्या गोष्टीत कधी आलं नाही.

यंदा सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि सेक्रेटरी हर्षद यांची नोटीस लागली : बंद पडलेल्या गाड्या महिनाअखेरपर्यंत हलवा, नाहीतर उचलल्या जातील. परबांची गाडी त्या दिवसापासून तशीच उभी होती. सहदेवरावांनी लगेच भंगारवाल्याला फोन लावला. वनमालाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"गाडी जाणार नाही. मी इंजिन उघडणार आहे."

"तू? तुका काय कळता त्यातला?" राग आला की सहदेवराव मालवणीत शिरत.

भंगारात गाडी गेली असती आणि मागे आरोप तेवढा उरला असता, जन्मभर. इंजिन खरंच आपण जाळलं का, हे वनमालाबाईंना बघायचं होतं. जाळलं असेल तर कबूल करायची तयारी होती. पण बघितल्याशिवाय नाही.

गल्लीतल्या गॅरेजचा भीमराज पूर्वी त्यांच्याच कारखान्यात लेथवर टर्नर होता. त्याने चेन-पुली लावून आठशे सीसीचं ते छोटं इंजिन वर काढलं आणि हातगाडीवर घालून त्यांच्या तळमजल्यावरच्या घराच्या मागच्या गॅलरीत आणून ठेवलं. वॉशिंग मशीन हॉलमध्ये गेलं. जुन्या परातीत डिझेल ओतून वनमालाबाई एकेक भाग धुवायला बसल्या. धुतलेला भाग वर्तमानपत्रावर, शेजारी खडूने नंबर, कारण प्रत्येक झडप आणि बेअरिंगवरची प्रत्येक टोपी आपल्याच जागी परत गेली पाहिजे. सहदेवराव नाकाला रुमाल लावून येता-जाता म्हणत, "शेवटी चार नट उरतील बघ. भाजीत घाल."

चौथ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, निघालं. त्यांनी त्याच्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि फटीत फट मोजायच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पाती घालून पाहिली. पाती शिरेना. हेड जराही वाकलं नव्हतं, गॅस्केट कुठे फुटलं नव्हतं. तापलं असतं तर यातलं काहीतरी झालंच असतं. म्हणजे इंजिन तापलंच नव्हतं! त्यांनी चारदा मोजलं. खात्री म्हणून पाचव्यांदा मोजलं.

मग इंजिन उलटं करून पिस्टनच्या रॉडची बेअरिंगं काढली. तिसऱ्याचा पांढरा थर पुसून गेला होता आणि खालचं तांबं दिसत होतं. असला माल त्यांनी उभ्या आयुष्यात हजारदा पाहिला होता. हे तेल न मिळाल्याने मेलेलं बेअरिंग. तेल तर भरलेलं होतं, मग मिळालं का नाही?

इंजिन उलटवण्यापूर्वीच खालचं तेलाचं चेंबर काढून बाजूला ठेवलं होतं आणि तेल ओढणाऱ्या नळीची गाळणी अजून तशीच होती, काळ्या गाळाने माखलेली. त्यांनी गाळणीवर डिझेल ओतलं. गाळ गेला, काळं तोंड काही उघडेना. पक्कड लावून ओढलं तर लांबच लांब काहीतरी निघालं. पुन्हा पुन्हा धुतल्यावर कळलं, बनियनचा तुकडा होता. बाहीची शिवण अजून शाबूत होती.

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी सहदेवरावांनी पार्किंगमध्ये स्वतः चेंबर उघडलं होतं, पॅकिंग बदलायला. गॅरेजवाले लुटतात म्हणून. "दी गो एक फडको," म्हणून घराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडले होते. जुनं बनियन फाडून फडका वनमालाबाईंनीच दिला होता. अर्ध्या तासाने पुन्हा ओरडा, "दुसरो दी! पयलो खंय ठेवलंस?" आणि वर चार शेजाऱ्यांदेखत ऐकवलं होतं की हिला एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही.

फडका आत विसरून या माणसाने चेंबर बंद केलं होतं. फडका हरवल्याचा आळ हिच्यावर. आणि त्या फडक्याने इंजिन मारलं, त्याचाही आळ हिच्यावरच!

वनमालाबाई तुकडा घेऊन उठल्या. आत जाऊन तो तुकडा नवऱ्याच्या तोंडावर मारावा असं त्यांना वाटलं, आणि का वाटू नये? तेवढ्यात हॉलमधून हाक आली, "चहा दे गो." त्यांनी चहा केला. दिला. चार भिंतींत दाखवून काय होणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. 'फडका तूच दिला होतास ना?' म्हणून त्याचीही गोष्ट झाली असती, नवीन पाहुण्यांसाठी. त्यांनी तुकडा वाळवला आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं.

पुढचे दोन आठवडे त्या इंजिन जुळवत बसल्या. भीमराजने क्रँकशाफ्ट घासून आणला, नवी बेअरिंगं आणि रिंगा आणल्या. एका दुपारी 'नट उरले का?' हा प्रश्न पुन्हा कानावर पडला आणि रागाच्या भरात त्यांनी एक बोल्ट असा आवळला की तो पिळून तुटला. तुटलेला तुकडा काढताना भीमराजला घाम फुटला. "ताई, राग पान्यात नका घालू," तो म्हणाला. तेव्हापासून हॉलमधून आवाज आला की त्या पाना खाली ठेवत, हात पुसत, आणि आवाज थांबल्यावर पुन्हा धरत.

रविवारी सकाळी इंजिन गाडीत बसलं. विमा नवा केलेला होता. लायसन्सची मुदतही त्यांनी नवऱ्याला न सांगता वाढवून घेतली होती. तिसऱ्या चावीला गाडी खोकली, धूर सोडला आणि एका सुरात चालू झाली. सोसायटीतले लोक गॅलऱ्यांत आले, काही खाली उतरले. सहदेवराव इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हर्षदच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "बघितलंत? हिने जाळलेलं इंजिन, पण आम्ही सोडलं नाही. उभं केलं की नाही परत?" मग ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन त्यांनी हात पुढे केला. "उतर आता. मी घेतो."

वनमालाबाईंनी शेजारच्या सीटवरचा डबा उघडला आणि त्या पसरलेल्या हातावर तो तुकडा ठेवला.

"हा तुमचा पहिला फडका," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तेलाच्या गाळणीत सापडला. त्या रविवारी चेंबर तुम्हीच बंद केलं होतं. बेअरिंगांना तेल मिळालं नाही ते याच्यामुळे. भीमराजलाही दाखवलाय, विचारा हवं तर."

भीमराजने मान हलवली. सहदेवरावांनी बाहीची शिवण पाहिली आणि मूठ मिटली. हर्षद दुसरीकडे बघू लागला, वरच्या गॅलरीत कोणीतरी हसलं. सहदेवराव खिडकीत वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, सगळ्यांसमोर कशाला?"

"आठ वर्षं तुम्ही कुणासमोर सांगत होतात?"

त्यांनी पहिला गिअर टाकला. गेटपर्यंत जाताना त्यांनी एकदाच डॅशबोर्डकडे बघून घेतलं. लाल दिवा विझलेला होता. व्याह्यांना इंजिन दाखवायला त्या नाशिकच्या रस्त्याला लागल्या.