नळाला आलेलं गाव

जयपुरात बनास नदीच्या धरणाचं पाणी नळाला आलं, त्या पहिल्याच सकाळी मी त्या पाण्याने स्कूटर धुतली. बायको "आधी हंडा भरा" म्हणत होती, पण एवढी जोरदार धार बघून मला चेव चढला.

खातीपुऱ्यात आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर, कडुलिंबाखाली, एक म्हातारा इस्त्रीवाला असे. नाव मी कधी विचारलं नाही. कपड्यांवर पाणी शिंपडताना तो बोटं अशी हलकेच झटकायचा, जणू देवावर फुलं वाहतोय.

त्या दिवशी तो इस्त्री उभी ठेवून फाटकाशी आला.

"बाबूजी, ये बनास का पानी है ना?"

मी ऐटीत मान हलवली. मग तोच बोलत राहिला. धरणात बुडालेलं ते लहानसं गाव त्याचं. सगळ्या घरांची दारं नदीकडे, घाटावर घराघराची आपली पायरी. नवी सून आधी त्या पायरीवर उतरून नदीचं पाणी डोळ्यांना लावायची, मगच उंबरा ओलांडायची.

"आज मेरे बेटे की दुल्हन आ रही है. एक लोटा मिल जाता..."

मी घाईने तोटी फिरवली. नळ गेला होता. हंडा कोरडाच.

वाकून स्कूटरखालच्या ओघळात त्याने बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि इस्त्रीकडे परत गेला.

दारात उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, त्यांचं उरलंसुरलं गाव तुम्ही गटारात सोडलंत."