मेट्रनबाईंची आंघोळ

आंघोळ केलेला माणूस आणि नुसता ओला झालेला माणूस यांतला फरक मेट्रन लांबून ओळखत. मी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला बाथरूमच्या दारातून परत आत पाठवलं. "कानामागे पाणी गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. मी अठ्ठावीस वर्षांची होते, रोज ट्रेनने वेलिंग्टनला जाऊन सॉफ्टवेअरचं काम करत होते, आणि पुण्यात असताना माझ्या हाताखाली माणसं होती. तरीही मी मुकाट्याने आत गेले आणि कानामागे धुऊन आले.

खरं तर त्या मेट्रन नव्हत्याच. म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स होत्या; आधी मिरजेला, मग मुंबईला, आणि पुढे नवरा-मुलासकट न्यूझीलंडला. नवरा गेला, मुलगा मंदार नोकरीसाठी टौरंगाला गेला, आणि त्या तीन खोल्यांच्या घरात त्या एकट्या उरल्या, म्हणून मी. त्यांना हाक काय मारायची हा प्रश्नच होता. मावशी म्हणून पाहिलं. "हॉस्पिटलात मावशी कुणाला म्हणतात, ठाऊक आहे ना? बेडपॅन नेणारीला. काम मी पुष्कळ केलं ते. नाव नको." काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "काकू म्हणजे कुरडया वाळत घालणारी." शेवटी एकदा वैतागून मी "बरं मेट्रन" असं म्हटलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे पसंत पडलं.

शॉवरवर त्यांचा विश्वास नव्हता. "शॉवर म्हणजे छत्री विसरलेला माणूस," त्या म्हणायच्या. त्यांच्या टबात एक निळी बादली असे आणि बादलीत पितळी तांब्या. तिकडची जुनी घरं थंडीत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार असतात. खोली गरम करणारा हीट पंप फक्त हॉलमध्ये. बाथरूममध्ये तोंडातून वाफ निघायची. पण मेट्रन सकाळी एकदा आणि ड्यूटीवरून आल्यावर एकदा अशी दोनदा साग्रसंगीत आंघोळ करत, आणि मी करते आहे की नाही याचा अंदाज दाराबाहेरून आवाजावर घेत. "पाठ राहिली!" अशी हाक यायची. दोघींच्या आंघोळी आटोपल्या की गरम पाण्याची टाकी दुपारपर्यंत हताश होऊन पडलेली असे.

जेवताना त्या वॉर्डातल्या गोष्टी सांगत. त्यांचे पेशंट म्हणजे एके काळचे मेंढपाळ, गोदी कामगार, शाळेच्या हेडमिस्ट्रेस. नर्सने अंग धुवायला घेतलं की सगळे एकच शब्द बोलायचे, सॉरी. "सॉरी सिस्टर, सॉरी लव्ह. मी म्हणते, सॉरी कशाबद्दल? त्यात काय एवढं?" मग केस धुताना त्या त्यांच्या मानेखाली हात घालून सांगत, "डोकं तुम्ही नका धरू. माझ्याकडे द्या." हे सांगताना त्यांचा तळवा आपोआप वर व्हायचा आणि ताटातल्या भाताशेजारी, हवेत, एक अदृश्य डोकं तोलून धरायचा.

स्वतःला मात्र त्या कुणाला हात लावू देत नसत. न्यूझीलंडमध्ये लोक उठसूट मिठी मारतात. वॉर्डातल्या पोरी वाढदिवसाला हात पसरून आल्या की मेट्रन चपळाईने काहीतरी उचलत, फाइल, केकचा डबा, जे सापडेल ते. त्यांची सून केतकी टौरंगाला फार्मासिस्ट होती. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत ती पोरगी प्रेमाने यांच्या गळ्यात पडली, तर यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार म्हणजे फारच नीट वागत. फोनवर हवा-पाण्याचं बोलणं व्हायचं आणि "काळजी घ्या" म्हणून संपायचं.

आयुष्यभर माणसं उचलून उचलून मेट्रनचा उजवा खांदा गेला होता. आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन करू, मग हात काही आठवडे गळ्यात बांधून ठेवावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मेट्रनकडे कारणं तयार असत. वॉर्डात माणसं कमी आहेत. थंडी आहे. थंडी संपली की सगळे सुट्टीवर जाणार आहेत. मुलाला तर त्यांनी सांगितलंही नव्हतं. एकदा मला टबामागे बार्बेक्यूचा लांब चिमटा सापडला. त्याच्या टोकाला रबरबँडने स्पंज बांधलेला.

"हे काय?"

"पाठ घासायचं यंत्र."

"मेट्रन, ऑपरेशन करून टाका ना."

"आणि मग मला आंघोळ कोण घालणार?"

"मी घालेन."

"काही नको," त्या म्हणाल्या, आणि चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. एरवी त्या रागावल्या की मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. सगळी अडचण एवढीच होती, आणि ती खांद्याच्या अडचणीपेक्षा मोठी होती.

अशात त्यांच्या नोकरीला वीस वर्षं झाली आणि वॉर्डाने वर्गणी काढून त्यांना भेट दिली. ऑकलंडच्या एका हमामाचं दोघींसाठीचं कुपन. हमाम म्हणजे अरब देशांतलं न्हाणीघर. वाफेत बसायचं, गरम दगडावर झोपायचं आणि तिथली बाई आपल्याला घासूनपुसून आंघोळ घालते. त्या मुलींनी बिचाऱ्यांनी कौतुकाने दिलं होतं. मेट्रन घरी आल्या त्या धुमसतच.

"वीस वर्षं मी सगळ्यांना आंघोळी घातल्या, आणि मला काय दिलं? आंघोळ! माझा वास येतो का गं? खरं सांग."

त्या जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण कुपनाची मुदत संपत आली तसा त्यांच्यातला दुसरा स्वभाव जागा झाला. वस्तू वाया घालवणं त्यांना, कुणी अंगाला हात लावण्याइतकंच, सहन होत नसे. शेवटी एका शनिवार-रविवारी आम्ही विमानाने ऑकलंडला निघालो. "शहर बघायला चाललोय," त्यांनी शेजारणीला सांगितलं. हमामाच्या मुलीने फोनवर टॉग्ज आणा म्हणून बजावलं होतं. टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे. हा शब्द मेट्रनना वीस वर्षं ठाऊक होता. तो आपल्यालाही लागू पडू शकतो हे नव्याने कळलं. त्यांनी बॅगेत एक जाड परकर, लांब बाह्यांचं पोलकं, स्वतःचा साबण आणि जंतुनाशकाची बाटली भरली. बाटली विमानतळावर काढून घेतली गेली, तेव्हापासून त्यांचा मूड गेला.

टायरच्या दुकानाशेजारी एक साधा गाळा होता. दार उघडून आत गेलो तर हिरव्या-निळ्या फरश्या, पितळी दिवे, आणि ओल्या दगडाचा, संत्र्याच्या फुलांचा वास. नाइमा नावाची मोरोक्कोची बाई आम्हाला घ्यायला आली. पन्नाशीची, मेट्रनच्याच बांध्याची, दंड पैलवानासारखे. मेट्रननी वॉर्डात राउंड घ्यावा तशी चौकशी सुरू केली. दगड कशाने धुता? हातमोजा प्रत्येकीला नवा का? पाणी किती गरम? नाइमाने शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "स्वीट ॲज?" मोरोक्कोच्या बाईच्या तोंडून, 'सगळं झकास ना' अशा अर्थाचा, हा अस्सल न्यूझीलंडी शब्द ऐकून मेट्रन गडबडल्या आणि "स्वीट ॲज" म्हणून बसल्या.

परकर छातीशी बांधून त्या वाफेच्या खोलीत माझ्याशेजारी बसल्या. पोलकं घालू नका, वाफेत जीव घाबरेल, एवढं मी कसंबसं पटवलं होतं. आमच्या अंगाला नाइमाने काळा, मऊ, काकवीसारखा साबण चोपडला होता. "सांधेदुखीच्या पेशंटला बरं हे," मेट्रन पुटपुटल्या. मग नाइमाने त्यांना गरम संगमरवरावर झोपायला सांगितलं. त्या झोपल्या, पण कशा? स्ट्रेचरवर ठेवल्यासारख्या. पाय जुळवलेले, मुठी आवळलेल्या, मान दगडापासून वर.

"उजवा खांदा नाही," त्यांनी हुकूम सोडला.

"नाही," नाइमा म्हणाली. तिने पितळी वाडग्याने पायांवर पाणी ओतलं, मग पोटावर, मग हळूच डाव्या खांद्यावर. मान अजून वरच होती. तेव्हा तिने मेट्रनच्या मानेखाली तळवा सरकवला आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "डोकं तू धरून ठेवलंयस. मला दे."

मी शेजारच्या कट्ट्यावर होते. मला मेट्रनचा चेहरा दिसला. वर्षानुवर्षं आपण ज्या दाराशी लोकांना उभं करतो, त्याच दाराशी कुणीतरी आपल्याला आणून ठेवावं, तशा त्या छताकडे बघत राहिल्या. मग मान सैल झाली. डोकं नाइमाच्या हातात गेलं, आणि त्यामागोमाग मुठी उघडल्या.

यानंतर जे झालं त्याची मात्र कुणाचीच तयारी नव्हती. नाइमाने खरखरीत हातमोजा चढवला आणि दंडावरून जोरात ओढला. दंडावर करड्या रंगाच्या वळकट्या उठल्या, खोडरबराने कागद खोडल्यासारख्या. मेट्रननी मान वळवून पाहिलं.

"हे काय आहे?"

"तू," नाइमा म्हणाली.

"माझं? हा मळ माझा?"

"हीप्स," नाइमाने समाधानाने सांगितलं, म्हणजे ढीगभर, आणि दुसरा हात घेतला. तिथेही हीप्स.

दिवसातून दोनदा आंघोळ करणारी, माझ्या कानामागे पाणी गेलं की नाही हे तपासणारी ती बाई स्वतःच्या मळाकडे बघत राहिली.  वाटलं, आता उठणार आणि थेट विमानतळ गाठणार. पण त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मेट्रन हसत होत्या. परकराची गाठ सुटेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि त्या घुमटाखाली ते हसू फिरून फिरून परत येत होतं. "सांगू नकोस हं कुणाला वॉर्डात!" त्या मला ओरडून म्हणाल्या. नाइमाला मराठी येत नव्हतं, पण तीही हसायला लागली. कधीतरी मध्येच तिने उजव्या खांद्यावरून हलका हात फिरवला. मेट्रननी तो फिरवू दिला. केस धुऊन होईपर्यंत त्या घोरत होत्या.

नंतर आम्ही पांढऱ्या पंच्यांत गुंडाळून घेऊन पुदिन्याचा चहा पीत बसलो. मेट्रनचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा लाल-गुलाबी झाला होता. 

"इतकी वर्षं पेशंटना म्हणत आले, त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी त्यांची समजूत घालते. मनातून वाटायचं, आपल्यावर ही वेळ आली तर मेलेलं बरं."

"आणि आता?"

"आता काय! ती बाई मला ओळखतसुद्धा नाही गं. तरी डोकं दिलं मी तिला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर फार आहे यात."

ऑपरेशन त्या थंडीतच झालं. पहिला आठवडा मी त्यांना आंघोळ घातली. माझे हात त्यांना अजिबात आवडले नाहीत. "मी पेशंट आहे, गाडी नव्हे." "वरून खाली! वरून खाली!" "साबण राहिला. नापास." त्या सूचना करत होत्या तोवर ठीक होतं; पण एका सकाळी त्या नुसत्या डोळे मिटून बसून राहिल्या, तेव्हा मीच तांब्या खाली ठेवून पाठ राहिली का ते विचारलं. दुसऱ्या आठवड्यात केतकी आली. मुलाला सांगायला हवं हे त्यांना एकदाचं पटलं होतं, आणि फोन उचलला होता सुनेने. रजा टाकून, लेकीला मंदारकडे ठेवून ती टौरंगाहून गाडी चालवत एकटी आली.

पहिल्या दिवशी बाथरूमच्या दारामागून फक्त पाण्याचा आवाज आला. त्यानंतर सूचना ऐकू यायला लागल्या. मग एकदा केतकी म्हणाली, "आई, तुमच्या पाठीवर इथे तीळ आहे, मंदारलाही अगदी इथेच आहे."  मेट्रन काहीतरी हळू आवाजात सांगायला लागल्या, बहुधा मंदारच्या लहानपणचं. पाणी बंद झालं तरी दोघी बाहेर येईनात. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. मला आनंद झाला होता, हे खरं. आणि कुणीतरी माझ्या ताटातलं उचलून नेलंय असंही वाटत होतं, हेही तितकंच खरं.

हात बरा झाला, मेट्रन आणखी काही महिने वॉर्डात गेल्या आणि निवृत्त झाल्या. टौरंगाला जायचं ठरलं; घर भाड्याने माझ्याकडेच राहणार होतं. माझ्यासमोर त्यांनी ते असं मांडलं, की नातीला मराठी कळतं पण पोरगी बोलते इंग्रजीतूनच, कुणीतरी लक्ष घालायला हवं. मी मान डोलावली. केतकी गाडी घेऊन आली. खोकी भरली, निळी बादली मागच्या सीटवर बसली. शेवटी मेट्रन बाहेर आल्या. त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "एकटीपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा करशील तू. करू नकोस." आणि गाडीत बसल्या.

मी फाटकाशी उभी राहिले. गाडी रस्त्याच्या टोकाशी पोचली. वाटलं, आता त्या काच खाली करून मागे बघतील, हात हलवतील. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. पूर्ण बरा झालेला उजवा हात उंचावून त्या सुनेला काहीतरी सांगत होत्या. मला लांबूनही कळलं, की इंडिकेटर राहिला होता. क्षणभराने तो लागला, आणि गाडी वळली.