एकटीसाठी बाटली

टोचणीबाई येताना दिसल्या की गल्लीतली पोरं ज्या चपळाईने गायब होत, तेवढी चपळाई त्यांच्या आयांनी गुरुवारी सकाळी दाखवली असती, तर या बाईंवर काही लिहायची वेळच आली नसती. पण लसीचा दिवस म्हणजे गुरुवार उजाडला की आयांना जगातली सगळी कामं आठवत. दात येतायत. सर्दी आहे. पाहुणे आलेत. जरा अंग धरू दे, मग आणते. एका बापाने तर दारातच हात जोडले होते, "पोर आत्ताच झोपलंय हो सिस्टर, उठवलं तर बायको मला फाडून खाईल."

सव्वीस वर्षं त्या एकाच दवाखान्यात, एकाच खोलीत लस टोचत होत्या. खोलीत एक टेबल, खालच्या अर्ध्या काचा रंगवलेली खिडकी, रिकामा असतानाही दोनशे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, आणि कोपऱ्यात घरघरणारा लसीचा फ्रिज. त्या फ्रिजला त्यांनी स्वतःच्या पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपलं होतं. वीज गेली की नवऱ्याला जेवायला वाढायचं सोडून दवाखान्यात धावायच्या. हात इतका हलका, की पोराला कळायच्या आत सुई बाहेर. तोंड मात्र तसं नव्हतं. पोराला एकदाच टोचायच्या, आईला पोर घेऊन बाहेर पडेपर्यंत टोचत राहायच्या.

घरीही सुख नव्हतं. नवरा निवृत्त होऊन फोनला चिकटला होता. एकदा त्याने नात्यातल्या सगळ्यांना लांबलचक मजकूर पाठवला, लहान मुलांना एवढ्या लवकर लशी देऊ नका म्हणून. तो फिरत फिरत बाईंच्याच फोनवर आला.

"अहो, हे तुम्ही पाठवलंत?"

"वाचलं नाही गं नीट. पुढे ढकललं फक्त."

घरचा आहेर तो हा. त्या दिवशी नवऱ्याला चहा मिळाला नाही.

आता त्या बाटलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. गोवराची लस म्हणजे बाटलीतली पूड. तिच्यात पाणी घातलं की ती चार तास टिकते, पुढे एक थेंबही वापरायचा नाही. एका बाटलीत दहा मुलांची लस. एक मूल आलं आणि बाटली उघडली, तर नऊ मुलांची लस फेकायची. नियम भिंतीवर लावलेला होता: एक मूल आलं तरी बाटली उघडावी. पण महिन्याच्या बैठकीत मोठ्या बाई कुणाची लस किती वाया गेली ते नावानिशी वाचून दाखवत. भिंत ओरडत नाही, मोठ्या बाई ओरडतात. म्हणून सगळ्याच सिस्टर चारपाच मुलं जमेपर्यंत थांबत, आणि उशिरा एखादं एकटंदुकटं आलं तर ठरलेलं वाक्य म्हणत, "आज संपली." तुझ्या एकटीसाठी उघडत नाही असं तोंडावर कसं सांगणार? संपली म्हटलं की कुणी वाद घालत नाही. टोचणीबाई तर ते वाक्य फ्रिजचं दार लावता लावता म्हणायच्या, मान वर न करता.

दवाखान्यामागच्या दुसऱ्या गल्लीत शिलाईवाली राहायची. पहिल्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. नवरा कामासाठी लांब, दोन महिन्यांनी एकदा यायचा. पदरात दोन मुली, थोरली सहा वर्षांची आणि धाकटी नऊ महिन्यांची. म्हणजे नऊ महिन्यांची असताना गोवराची लस द्यायची होती. आता ती साडेअकरा महिन्यांची झाली होती.

टोचणीबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा शिलाईवाली म्हणाली, "पुढच्या गुरुवारी नक्की." दुसऱ्यांदा म्हणाली, "बघते." तिसऱ्यांदा बाईंचा तोल गेला. जिन्यातूनच ओरडल्या, "मी काय विष घेऊन येते का गं? पोर तुझं की माझं?" शेजारणी दारात आल्या. शिलाईवालीने मशीनचं चाक फिरवलं आणि पाय मारायला सुरुवात केली. त्या खडखडाटात बाईंचं पुढचं व्याख्यान वाहून गेलं.

चौथ्यांदा गेल्या त्या दिवशी त्यांचा गुडघा इतका ठणकत होता की भांडायलाही जीव नव्हता. त्या सरळ गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे बाई. आज मी काही बोलत नाही. तूच सांग, का आणत नाहीस?"

थोरली जमिनीवर बसून बटणं डब्यात भरत होती. शिलाईवालीने पाणी दिलं. मग ती हातातल्या बाहीची शिवण उसवू लागली.

"हिला सव्वा वर्षाची असताना टोचलं होतं," तिने थोरलीकडे मान केली. "त्या रात्री ताप चढला. मग आकडी आली. डोळे पांढरे, हातपाय ताठ. मी एकटीच घरात. मला वाटलं, गेली पोर."

"मग?"

"मग काय, थांबली आपोआप. दुसऱ्या दिवशी तिला उचलून दवाखान्यात नेलं. सिस्टर म्हणाल्या, ताप येतोच, काही होत नाही, जा. आकडीचं मला बोलूच दिलं नाही. मागे मोठी रांग होती."

"कोण सिस्टर होती ती?" टोचणीबाईंनी चढ्या आवाजात विचारलं. कुणाचा तरी कान धरायला त्या तयारच होत्या.

"तुम्हीच."

बाईंनी पेला खाली ठेवला. आठवून पाहिलं. काही आठवेना. सव्वीस वर्षांत कितीजणींना "काही होत नाही, जा" म्हटलं असेल! त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला, आणि राग आला की काय करायचं हे एकच त्यांना ठाऊक होतं, ओरडायचं. पण स्वतःवर ओरडायचं कसं?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं नवऱ्याने ऐकलं असतं तर त्याने तेही सगळ्यांना पाठवलं असतं. "ऐक आता. काही मुलांना ताप चढला की तशी आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो. पण सहसा पोराला मागे काही राहत नाही. तरी थोरलीला डॉक्टरांना दाखवू आपण, मी स्वतः घेऊन जाते."

"आणि धाकटीला तसंच झालं तर?"

"हिला ताप आला तर त्याच दिवशी नाही येणार, आठवड्याभराने येईल. बारीक पुरळही उठतं कधीकधी. येणारच नाही असं मी म्हणणार नाही. आला तर मला फोन कर, कधीही. मी येईन."

"थोडी मोठी झाल्यावर दिली तर नाही का चालणार?"

"अगं, गोवर थांबतो का ती मोठी होईपर्यंत? एवढुशांनाच तो जास्त छळतो. आधीच उशीर झालाय."

शिलाईवाली म्हणाली, "काही झालं तर सगळे मलाच विचारतील हो. नवरा, सासू, सगळे. तुला कुणी सांगितलं होतं, म्हणून." मग डोळे पुसून म्हणाली, "बघते."

जिना उतरताना बाईंनी त्या "बघते"ला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी साडेनऊला बाटली उघडली. सहा मुलं आली. प्रत्येक वेळी दार वाजलं की त्या मान वर करत. दीड वाजता उरलेली लस फेकली. सव्वादोनला टेबल आवरत होत्या, तेवढ्यात दारात शिलाईवाली. घामाघूम, केस विस्कटलेले, कडेवर धाकटी. पोरीच्या अंगात गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा नवाकोरा फ्रॉक.

"शाळेत युनिफॉर्म पोचवायचे होते, सोडेचनात. उशीर झाला का हो?"

बाईंचा हात आपोआप फ्रिजकडे गेला. आत दोन न उघडलेल्या बाटल्या होत्या. आणि सोमवारचीच बैठक आठवली. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत वाचलं होतं, "सगळ्यात जास्त वाया कुणाची? अर्थातच आपल्या सर्वात अनुभवी सिस्टरांची!" आणि काल नोकरीला लागलेल्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या.

हात मागे आला.

"आज संपली गं. पुढच्या गुरुवारी ये, पहिला नंबर तुझा."

शिलाईवालीचा चेहरा क्षणभर सैल पडला. सुटल्यासारखाच. "आठ दिवसांनी काही बिघडत नाही ना?"

"आठ दिवसांत काय होतंय!" टोचणीबाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी नऊपासून त्या वाट बघत होत्या. अकरा वाजता शेजारीण निरोप घेऊन आली. धाकटीला ताप आहे, नाक वाहतंय, बरी झाली की आणते. ऐकलं मात्र, बाईंचा भडका उडाला. "ये रे माझ्या मागल्या! सर्दी म्हणे! चार वेळा जिने चढले, घसा कोरडा केला, गुडघ्याचं भुस्कट केलं, आणि शेवटी सर्दी! या बायकांना सांगून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी!" बाकावर बसलेल्या आया एकमेकींकडे बघत राहिल्या. शेजारीण खाली मान घालून गेली.

रविवारी कळलं, त्या गल्लीत तीन मुलांच्या अंगावर गोवर उठलाय. सोमवारी बाई जिना चढून गेल्या तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "धाकटीला मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. श्वास लागलाय." आणि ती आत निघून गेली.

परत येताना टोचणीबाई बोटांवर दिवस मोजत होत्या. गोवर अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दहाएक दिवस जातात. म्हणजे त्या गुरुवारच्या आधीच शिरला असेल, तेव्हा टोचूनही उपयोग झाला नसता. पण दोनच दिवस अलीकडे धरले, तर मात्र टोचल्याचा उपयोग झाला असता. त्यांनी पाच वेळा मोजलं. तीनदा त्या निर्दोष सुटल्या आणि तिन्ही वेळा त्यांना बरं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या. धाकटीच्या नाकाला नळी होती, छाती भात्यासारखी हलत होती. पण ताप उतरला होता, आता धोका कमी आहे असं डॉक्टर म्हणाले होते. बाहेर बाकावर शिलाईवाली हाताने गणवेशाची दुमड घालत बसली होती. बाई शेजारी बसल्या. ती ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? त्या दिवशी लस खरंच संपली होती?"

वाक्य जिभेवर तयार होतं. संपली होती म्हटलं की झालं असतं. कोण बघायला आलं होतं?

"नाही," टोचणीबाई म्हणाल्या. "बाटली होती. तुझ्या एकटीसाठी उघडली नाही. बाकीची वाया गेली असती."

शिलाईवालीने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवलाच नाही, सुई कापडात खोचून ठेवली.

"मी घरी सगळ्यांशी भांडून आले होते," ती म्हणाली. "सासूला फोनवर सांगितलं, या सिस्टर खरं बोलतात. स्वतःचं चुकलं तर चुकलं म्हणतात. म्हणून मी जाणार."

टोचणीबाई उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या.

दोन आठवडे गेले. धाकटी घरी आल्याचं कानावर आलं होतं, पण जिना चढायचं धाडस बाईंना झालं नव्हतं. बुधवारी दुपारी दवाखाना रिकामा होता आणि त्या वजनकाटा पुसत होत्या. दारात शिलाईवाली उभी होती. थोरलीचा हात घट्ट धरलेला. बाईंनी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना हिची आकडी सांगितली. ते म्हणाले, हिची राहिलेली गोवराची लस द्या. आज बुधवार आहे, मला ठाऊक आहे. संपली असेल तर आत्ताच सांगा, आम्ही जातो."

टोचणीबाईंनी फ्रिज उघडला. बाटली काढून शिलाईवालीच्या हातात दिली, तारीख दाखवली. मग तिच्या डोळ्यांसमोर झाकण काढलं, पाणी घातलं, सिरिंजमध्ये लस भरली. थोरलीने डोळे गच्च मिटले, आणि उघडले तोवर झालंही होतं.

"ताप आला तर आठवड्याने येईल," बाई म्हणाल्या. "आकडीची भीती वाटली तर फोन कर. आणि अर्धा तास इथेच बसा दोघी. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं."

दोघी बाकावर बसल्या. फ्रिज घरघरत होता. वेळ झाल्यावर शिलाईवाली उठली. जाताना टेबलापाशी थांबली, आणि उघडलेल्या बाटलीकडे बघत राहिली.

"एवढंच करायचं होतं ना, सिस्टर?"

"हो," टोचणीबाई म्हणाल्या. "एवढंच."

ती थोरलीला घेऊन गेली. बाटलीत अजून नऊ मुलांची लस होती. टोचणीबाई दवाखाना बंद व्हायची वेळ टळून गेली तरी दार उघडं ठेवून बसल्या. कुणी आलं नाही.